हळदीला लागलेला गंज

गाडी विकत घ्यायला आलेल्या स्नेहल मॅडमनी तिच्याभोवती दुसरी फेरी घातली आणि उजव्या दारापाशी त्या थांबल्या. पोर्चच्या खांबाला टेकून उभा असलेला कोंडू एक पाऊल पुढं आला.

“हा गंज फोटोत नव्हता,” त्या म्हणाल्या.

“फोटो मे महिन्यातले,” विक्की घाईनं म्हणाला. “मध्ये अख्खा पावसाळा गेला. लोणावळ्यात माणसांना बुरशी येते, पत्र्याचं काय घेऊन बसलात!”

गाडी विक्कीच्या वडिलांची. अमेरिकी, दोनच दारांची, पुढचं नाक हे एवढं लांब. रंग हळदीसारखा पिवळा, कारखान्यातून आला तोच. पन्नास वर्षांत त्यावर दुसरा हात फिरला नव्हता. भुशीच्या रस्त्यावरच्या या बंगल्यात साहेब होते तोवर ती दर रविवारी गुरगुरत बाहेर पडायची. साहेब गेले. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी उज्ज्वलाबाई, ही गाडी आणि त्या दोघींना सांभाळणारा कोंडू.

विक्की पुण्याला असायचा. उन्हाळ्यात येऊन म्हणाला, गाडी उगाच पडून आहे, विकून टाकू. बाई म्हणाल्या, तुला योग्य वाटेल तसं कर. मुलापुढं ‘नाही’ म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. रोज संध्याकाळी त्या गाडीत जाऊन, साहेबांच्या शेजारच्या आपल्या सीटवर घटकाभर बसतात, हे विक्कीला ठाऊक नव्हतं. कोंडूला होतं.

आणि कोंडूचं म्हणाल, तर त्याचा संसारच या गाडीनं राखला होता. लोहगडवाडीला भातलावणीत कमळाबाईला, त्याच्या बायकोला, फुरसं चावलं तेव्हा साहेबांनी हीच गाडी त्या कच्च्या चढावर घातली होती. खालून दगड आपटत होते, साहेबांनी पर्वा केली नाही. कमळाबाई आज नातवंडं खेळवते ती त्यामुळं. वाडीत गाडीला ‘हळदी’च म्हणायचे, आणि दसऱ्याला कोंडूच्या घरचा पहिला हार हळदीला जायचा. अशा गाडीचं आपल्या हातून हे असं व्हावं! त्याला कितीतरी दिवसांत धड झोप नव्हती.

“त्यात काय एवढं?” विक्की म्हणत होता. “आंबीला माझ्या ओळखीचा डेंटर आहे. कुजलेला पत्रा कापेल, नवा जोडेल, वरून रंग मारेल. नवीकोरी दिसेल.”

“नवी दिसेल, तेच तर मला नकोय. रंग एकदाच ओरिजिनल असतो, विक्की. ती पिवळी छटा आता कुणालाही जुळवता येणार नाही. दार नवं दिसलं की बाकीची गाडी जुनाट दिसणार, मग सगळीच रंगवा. त्यापेक्षा नवी गाडी घेतलेली काय वाईट?”

“मग गंज तसाच राहू द्या.”

“म्हणजे दोन वर्षांत तो अख्खं दार खाईल. रंग राखावा तर गाडी जाते, गाडी राखावी तर रंग जातो.” स्नेहल मॅडम हळहळल्या. त्यांना गाडी मनापासून आवडली होती. “किती खोल गेलाय बघू तरी.”

त्या वाकल्या आणि त्यांनी बोट पुढं केलं. कोंडूनं डोळे मिटले.

“अहो, अहो! हात नका लावू!” उज्ज्वलाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. “पत्रा फाटलाय, बोट कापेल. धनुर्वात काय सांगून येतो? आधी चहा घ्या बघू.”

मॅडम सरळ झाल्या. बाईंनी स्वतः कप हातात दिला. एरवी साडीवर सुरकुती खपवून न घेणाऱ्या बाईंच्या पांढऱ्या पदराला आज तांबूस डाग होता. चहा सांडला असणार, कोंडूला वाटलं. हल्ली लक्ष ठिकाणावर नसतं त्यांचं. त्याला फार वाईट वाटलं.

चहा संपला, तसा सौदाही संपला. “माफ करा, काकू. एवढी जपलेली गाडी, पण मला नाही घेता येणार,” म्हणून मॅडम निघून गेल्या.

मग विक्कीचा पारा चढला. “कोंडूकाका, तुमच्या भरवशावर ठेवली होती गाडी! एक दार सांभाळता आलं नाही? ते बघा, दिवाळी तोंडावर आली आणि कमळाकाकूंनी तुळशीकट्टासुद्धा अर्धाच रंगवलाय. या बंगल्यात एक काम धड पुरं होईल तर शपथ!”

“चुकलं, दादा,” कोंडू मान खाली घालून म्हणाला.

“आता कोण घेणार हिला? सडू दे इथंच!” विक्कीनं फाटकाबाहेर आपली गाडी काढली आणि तो पुण्याच्या रस्त्याला लागला.

पोर्चमध्ये बाई आणि कोंडू दोघंच उरले. विक्कीचं बोलणं कोंडूला लागलं नव्हतं. हळदी राहिली होती, आणि त्याबद्दल त्यानं मनातल्या मनात वाडीच्या देवाला हात जोडले. पण बाईंच्या तोंडाकडं बघवेना. आयुष्यभर ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांच्यापाशी हे मनात ठेवून कसं राहायचं?

“बाईसायेब,” तो शेवटी म्हणाला, “माजं चुकलं. लय मोटं पाप झालं माज्या हातनं. तुमास्नी सांगाया पायजे हुतं, पर धीर न्हाई झाला. त्या दाराला म्या—”

“पुरे,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या हसत होत्या. “तुझे उपकार कसे फेडू रे, कोंडू? जा, बादलीभर पाणी आणि मऊ फडकं आण, आणि ते दार धुवून टाक. कमळाला म्हणावं, पुढच्या वेळी गेरूत थोडा डिंक घाल. पहाटेच्या दवानं ओघळ आला होता, तो मला पदरानं पुसावा लागला.”