कुजबुज टिपणारा बोर्ड

"दिसायला लहान चालंल, पण कानाचा तिखट पाहिजे," हनुमानराव म्हणाले. "बारकी कुजबुजसुद्धा सुटली नाय पाहिजे."

क्रांती चौकातल्या दुकानात सत्यमनं काउंटरवर दोन मदरबोर्ड उघडेच जोडून ठेवले होते. दोन्ही बशीएवढे. दुकान त्याचंच होतं, त्यामुळं घाईही त्यालाच होती.

"आवाजाची चिप बोर्डातच असती काका, वेगळं कार्ड लागत नाय," तो अगदी पुढं वाकून सांगत होता. विकायचं म्हटलं की माणूस असा अंगावर येतो. मागची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, तशी हनुमानरावांनी पिशवी पोटाशी धरली. दुसऱ्याच्या खरेदीत नाक खुपसायची लोकांना भारी हौस.

"पण पाहिजे कशासाठी?"

"भजनं ऐकायला."

ही शुद्ध थाप होती. हनुमानरावांना स्वतःच्या घरातलं बोलणं चोरून टिपायचं होतं.

मुलगा अंगद आणि सून सायली यांचं काहीतरी शिजत होतं. पुंडलिकनगरातलं घर हनुमानरावांच्या नावावर, फुलंब्रीचं वावरही त्यांच्याच नावावर. दिवाळीपासून दोघं घरात कुजबुजायला लागले होते. हे जवळ गेले की एकमेकांकडं बघायचे आणि गप्प व्हायचे. जेवायलाही कुणी बोलवेना. ताटं मांडलेली दिसली की आपण होऊन जाऊन बसायचं. शेजारचा सांडूही त्या दोघांना फितूर झाला असावा. पूर्वी कुंपणावर रेलून तासन्‌तास बोलणारा माणूस, हल्ली नुसता हात हलवून आत जायचा.

एकदा पुरावा हाती लागला की दोघांना बाडबिस्तरा गुंडाळायला लावायचा, हे हनुमानरावांनी पक्कं केलं होतं. पोटच्या पोराबद्दल असं ठरवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तरी ठरवलं.

आधी त्यांनी मोबाइल सोफ्याखाली ठेवून पाहिला होता. ऐकायला गेले तर नुसतं फुसफुस. मोबाइलचा माइकच कुचकामी, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. साखर कारखान्याच्या ऑफिसात त्यांची शेवटची वर्षं कॉम्प्युटरवर गेली होती, तेव्हा या बाबतीत त्यांना टोपी घालणं सोपं नव्हतं. टीव्हीमागं मावेल असा डबा, त्यात बोर्ड आणि बाहेर एक छोटा माइक. बेत झकास होता.

सत्यमनं एकच माइक आळीपाळीनं दोन्ही बोर्डांना लावून दुकानातली बोलणी रेकॉर्ड केली. पहिला बोर्ड स्वस्तातला. त्याला वायफाय होतं, ब्लूटूथ होतं, हेडफोन-माइकच्या जागा होत्या. हनुमानरावांनी हेडफोन चढवला. पलीकडच्या गावात कीर्तन चालल्यासारखं काहीतरी येत होतं.

"दबलाय आवाज."

"फुल केलाय काका."

सत्यमनं हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि लगेच काढला. "हा तर लई झाला!"

विकायची घाई असली की माणूस नीट ऐकतसुद्धा नाही, हे हनुमानरावांनी ओळखलं.

दुसऱ्या बोर्डाला जोडण्या जास्त होत्या, आणि हेडफोनला जोर देणारी निराळी चिप होती. त्यावर सगळं शेवटपर्यंत वाढवल्यावर शब्द एकेक सुटे झाले. मागं कुणीतरी पेनड्राइव्हचा भाव विचारत होतं, तेही कळलं.

"व्हय! हा बोर्ड खरा," हनुमानराव खुश होऊन म्हणाले.

डबा घरी आला, टीव्हीमागं बसला. माइक कॅलेंडरच्या आड गेला. "भजनाचं यंत्र हाय," त्यांनी अंगदला सांगितलं. अंगद काहीतरी पुटपुटला आणि आत गेला. त्यालाही संशय आला की काय, म्हणून हनुमानरावांनी माइक कॅलेंडरच्या आणखी आत सरकवला.

रविवार दोघांच्या सुट्टीचा. डबा दिवसभर चालू राहिला. सोमवारी दोघं कामावर गेल्यावर हनुमानरावांनी दाराला आतून कडी घातली, हेडफोन चढवला आणि आवाज शेवटपर्यंत नेला.

कुकरची शिट्टी आली. खुर्ची सरकली. मग अंगद, अगदी खणखणीत.

"बाबांना एकदा स्पष्ट सांगावंच लागंल."

"तुमीच सांगा," सायली म्हणाली. "मी सांगायला गेले तर उठून जातेत."

"चिडले म्हंजी?"

"चिडू द्या. पर असं किती दिवस चालायचं?"

म्हणजे संशय खरा होता. याच पोराला खांद्यावर बसवून फुलंब्रीच्या बाजारात फिरवलं होतं. आजच संध्याकाळी दोघांना समोर बसवायचं आणि चालतं व्हायला सांगायचं. त्यांना संताप आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

पावलं माइकजवळ आली.

"बाबा, जेवायला या!"

हनुमानराव दचकून उठलेच. मागं कुणी नव्हतं, दाराची कडी तशीच होती. रेकॉर्डिंगमधली दुपार कालची होती, आणि काल दुपारी ते याच सोफ्यावर पेपर वाचत बसले होते.

"बाबा! ओ बाबा! ताट वाढलंय!"

सायलीचा आवाज चिरकला. पाठोपाठ अंगदचा आला, मग दोघांचा मिळून. हेडफोन थरथरला. हनुमानरावांनी घाईघाईनं आवाज कमी केला, तर सगळंच ऐकू यायचं बंद झालं. त्यांनी तो पुन्हा वाढवला. तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्येच, खिडकीबाहेरून, कुंपणाच्या पलीकडून, सांडूचा आवाज आला.

"अहो हनुमानराव, पोरगी कवाची जेवायला बोलावतीया, उठा की आता!"