अक्काची टाकी

सकाळपासून तिसऱ्यांदा गुरुदास मास्तरांनी तुळशीखालची ताटली उपडी करून पाहिली. ती ठणठणीत कोरडी होती, तरी त्यांचा जीव काही जाग्यावर येईना. करवंट्या उपड्या घालून झाल्या, पाणी साचणाऱ्या माडाच्या पोया जाळून झाल्या, पन्हळीतला पाचोळा काढून झाला. वाडीत दोघांना डेंग्यू झाला होता आणि त्यांची एकुलती लेक तेजस्वी आठव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली होती. हिला डास चावता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सांगणं सोपं. मागे खाडी, पुढे माड आणि शेजारी अक्का!

अक्का म्हणजे गडग्यापलीकडची, मधल्या दगडी कुंपणापलीकडची. ह्याच चिऱ्याच्या गडग्यावरून अकरा वर्षांपूर्वी दोन घरांचं वाजलं होतं. तो वीतभर कोणी सरकवला, ह्याचा निकाल प्रत्यक्ष देवालाही लावता आला नसता. तेव्हापासून बोलचाल बंद. मध्ये एका चतुर्थीला अक्काने मोदकांचं ताट पाठवलं, ते मास्तरांनी वरचं फडकंसुद्धा न उचलता परत धाडलं. त्या घरचं पाणीही त्यांना नको होतं.

तर ह्या अक्काच्या परसात फणसाखाली सिमेंटची एक जुनी टाकी होती. वर फाटकं जाळं, आत हिरवंगार पाणी. अख्खी वाडी आठवड्याचा कोरडा दिवस पाळायची, पण ही टाकी कधी उपसली जायची नाही. उलट अक्का तिच्यात रोज मूठभर कोंडा टाकायची. आणि आरोग्य सेविका अक्षया, जी मास्तरांच्या घरी वाकून वाकून फ्रीजच्या मागे बघायची, ती तिथे मात्र हसतखेळत बोलायची आणि जाताना एक कॅन घेऊन निघायची.

"कोकमाचा आगळ आसतला त्या कॅनात," मास्तर लेकीला म्हणाले. "कॅनभर आगळात सरकार इकत घेतल्यान!"

"बाबा, अक्काक एकदा इचारा तरी."

"मी? तिका?"

विषय तिथेच संपला.

मास्तरांची स्वतःची विहीर मात्र नमुनेदार होती. दर शनिवारी ते तीत ब्लीचिंग पावडर टाकत, तीही सांगितलेल्या मापाच्या दुप्पट. "मास्तर, हात जरा आवरा," असं अक्षया म्हणायची. पण तिनेच चैत्रात सोडलेले गप्पी मासे अजून डासांच्या अळ्या खात पाण्यात कसे टुणटुणीत फिरत होते! मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला विहिरीशी नेऊन ते दाखवत. मासे नव्हे, आपली स्वच्छता दाखवत.

दर रविवारी सकाळी ते देवळात अभिषेकाला जायचे. ह्या रविवारी तेजस्वीचं अंग दुखत होतं म्हणून घरीच राहिले. सहज खिडकीतून पाहतात तो अक्का त्यांच्या विहिरीवर ओणवी. तिच्या एका हातात कॅन होता, दुसऱ्या हातातलं काहीतरी तिने झटकन पदराखाली घेतलं. मास्तर लुंगी सावरत बाहेर येईपर्यंत ती गडग्याच्या खिंडारातून पलीकडे गेलीही होती.

"टाकीतली घाण आमच्या बावडीत ओतल्यान!" मास्तर ओरडले. राग होताच, पण त्याहून जास्त भीती होती. घरात उरलेली सगळी पावडर त्यांनी विहिरीत रिकामी केली, दोन दिवस कोणी पाणी काढू नये म्हणून वर माडाच्या झावळ्यांचं झाप टाकलं, आणि दिवसभरात दहा वेळा लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सोमवार म्हणजे मालवणच्या बाजाराचा दिवस. अक्का पिशव्या घेऊन दहाच्या एसटीने गेली. तेहतीस वर्षं पोरांना शिस्त लावलेले मास्तर जन्मात पहिल्यांदा चोरासारखे दुसऱ्याच्या आवारात शिरले. जाळं ओढलं तसं हिरव्या पाण्यात काहीतरी वळवळलं. अळ्याच! दुसरं काय असणार? टाकीच्या बुडाशी लाकडाचं बूच होतं. मास्तरांनी दगडाने ठोकून ते सैल केलं आणि उपसलं. पाणी भसाभस रेतीत पसरलं आणि जिरून गेलं. फणसावरचे कावळे लगबगीने खाली उतरून ओल्या रेतीत टोचू लागले.

"खावा, सगळा खावा," मास्तर त्यांना म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी कितीतरी दिवसांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला आणि जेवून स्वस्थ झोपलेसुद्धा.

चार वाजता अक्षया गडग्याच्या खिंडारातून थेट त्यांच्या अंगणात आली. हातात कॅन होता, रिकामा.

"मास्तर, अक्काची टाकी कोणी सोडल्यान?"

"मी. तुझा काम मी केलंय."

अक्षयाने कॅन पायरीवर ठेवला. "थंय गप्पी होते, मास्तर. साऱ्या वाडीच्या बावडींत थंयसूनच जायत."

"आमच्या बावडीत नाय. आमचे तुझे सरकारी आसत."

"सरकारी चैत्रातच मेले. तुमच्या पावडरीन."

मास्तर उठले. विहिरीशी जाऊन त्यांनी झाप बाजूला ओढलं. पाण्यावर मासे तरंगत होते, पांढरी पोटं वर करून, एकूण एक.

"आयतवारी तुमी देवळात गेलास काय अक्का मेलेले गाळण्यान काढी आणि टाकीतले नवे सोडी," अक्षया मागून म्हणाली. "तुमका सांगू नको म्हणान माका शपथ घातल्यान. म्हणाली, मासे माझे म्हटल्यार मास्तर मोदकांसारखे परत धाडतलो, आणि थंय आमचां चेडू तेजस्वी पोटुशी आसा."