कोचचा निरोप

बेसबॉलच्या खालच्या लीगचा हंगाम संपायला दहा दिवस उरले होते. आता कोचनं ज्याला खोलीत बोलावलं, त्यानं सामान बांधायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज निरोप येफ्रीला आला. महिनाभर त्याची बॅट चालली नव्हती. तो दार ढकलून आत गेला.

आत अनेउदी बसला होता. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावाहून त्याच्याबरोबरच अमेरिकेत आलेला, चेंडू फेकणारा पिचर.

"याला तुमच्या भाषेत नीट सांग," कोच म्हणाले. "याचा खांदा कामातून गेलाय. आम्ही याला सोडतोय, कायमचं."

आपण वाचलो, हेच आधी येफ्रीच्या मनात आलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. अनेउदी त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"घरी जाऊन खांदा बरा कर म्हणतायत," येफ्री खाली बघत स्पॅनिशमध्ये म्हणाला. "मार्चमध्ये परत बोलावतील."

अनेउदीनं मान डोलावली, कोचशी हात मिळवला. बाहेर आल्यावर तो येफ्रीजवळ थांबला.

"तेवढं इंग्रजी मला कळतं रे," तो म्हणाला. "पण आईला फोनवर तू सांगितलंस तसंच सांगतो."