एलोफ कोणाकडे

“कोर्टातच जाऊ,” टोर्केल म्हणाला आणि दालचिनीचा बन न खाताच बशीत परत ठेवला.

गुनवोरने तिघांच्या कपात कॉफी ओतली. कॉफीशिवाय मध्यस्थीला बसायचं नाही, हा तिच्या कचेरीचा शिरस्ता.

घटस्फोट कधीच झाला होता. घर विकलं, बोट त्याला, कुत्रा इल्वाला, सगळं शहाण्यासारखं. अडलं होतं ते सहा वर्षांच्या एलोफवर. इल्वा उत्तरेला लुलेओत, टोर्केल पार खाली इस्तादला. मधे अख्खा स्वीडन.

“अर्धा-अर्धा?” टोर्केलने विचारलं. ओळखीतली निम्मी मुलं अशीच वाटलेली होती, एक आठवडा आईकडे, एक बापाकडे.

“कायद्यात बसत नाही,” गुनवोर म्हणाली.

“मग माझ्याकडे. लुलेओत अर्धं वर्ष काळोख. त्याला काळोखाची भीती वाटते.”

“बरं आठवलं! दिवा लावायला रात्री मीच उठायचे. तू घोरत असायचास.”

“त्याला समुद्र आवडतो, इल्वा.”

“आणि तू महिना-महिना जहाजावर. एलोफ कोणाच्या भरवशावर? तुझ्या त्या मायलिसच्या? ती फिरकेल तरी त्याच्याकडे?”

“तिला मधे आणू नकोस.”

दोघांचेही आवाज चढत नव्हते. चढले असते तर गुनवोरला बरं वाटलं असतं.

“कोर्टात जा, हक्क आहे तुमचा,” ती म्हणाली. “पण निकाल लागेपर्यंत तो आमच्याकडेच राहील. ना आईकडे, ना बापाकडे.”

“किती दिवस?”

“वर्षही लागेल.”

“इथे? एकटा?”

“एकटा नाही. बाकीचेही आहेत.”

टोर्केलने कप बाजूला सारला. मग म्हणाला, “तिच्याकडे राहू दे.”

जिंकल्यावर हायसं वाटेल, असं इल्वाला वाटलं होतं. काहीच वाटलं नाही.

“तू येत जा,” ती म्हणाली. “वाढदिवसाला तरी.”

“येईन.”

दोघांनी सह्या केल्या. टोर्केलने बन रुमालात गुंडाळला, मग उलगडून पुन्हा बशीत ठेवला.

“आणते त्याला,” म्हणत गुनवोर उठली. आतल्या खोलीत गेली, आणि एलोफचा अस्थिकलश आणून तिने दोघांच्या मधोमध टेबलावर ठेवला.