गाडीतला पिवळा दिवा

जयप्रकाशना ड्रायव्हरच्या सीटवर बसवेपर्यंत अरुणाचा आणि वॉचमन सितारामचा, दोघांचाही दम निघाला. दुसऱ्या मजल्यावरून माणूस खुर्चीसकट खाली आणायचा म्हणजे खायचं काम नाही. सिताराम घाम पुसत गेटवर परत गेला. अरुणाने नवऱ्याचा लुळा उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला आणि स्टीअरिंगमागच्या मीटरच्या काचेकडे बोट दाखवलं.

चावी फिरवली की तिथे एक पिवळा दिवा लागायचा आणि लागूनच राहायचा. गाडीच्या सर्व्हिसिंगची वेळ झाली, एवढंच त्याला सांगायचं असायचं. पण जयप्रकाशना पक्षाघाताचा झटका आल्यापासून शेजारीपाजारीच ही गाडी सीवूड्सहून वाशीच्या हॉस्पिटलपर्यंत पळवत होते. तेलपाण्याकडे बघायला सवड कोणाला होती? ते काम जयप्रकाशचं. परदेशी बनावटीची गाडी मेकॅनिकच्या हाती द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. रविवारी पार्किंगमध्ये जुनी वर्तमानपत्रं अंथरून गाडीखाली शिरायचे, इंजिन ऑइल स्वतः बदलायचे आणि मग तो दिवाही स्वतःच घालवायचे. कसा, ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. आता सांगण्याची सोय उरली नव्हती. झटक्याने उजवं अंग नेलं, त्याबरोबर वाचाही नेली.

आज गाडी विकायची होती. वाशी मार्केटातले कांद्याचे व्यापारी मानसिंग ती न्यायला येणार होते. त्यांचं म्हणणं एकच, डॅशबोर्डवर कुठला दिवा पेटलेला चालणार नाही. गाडीचे पैसे आले की अरुणा नवऱ्याला मुंबईतल्या एका बाईंकडे नेणार होती. त्या बाई अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवतात, असं तिने ऐकलं होतं. गाडी गेली तर जाऊ दे, पण हे बोलतील. बाकीच्या सगळ्या आशा तिने केव्हाच सोडल्या होत्या, ही एक तेवढी सुटत नव्हती.

"अहो, ऑइलचं राहू दे," ती हळूच म्हणाली. "नुसता दिवा घालवायचाय."

जयप्रकाश तिच्याकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणायचे, त्यांना सगळं समजतं. ते खोटं असतं तर बरं, असं अरुणाला या क्षणी वाटून गेलं. मग त्यांनी डावा हात स्टीअरिंगच्या आतून घातला, काचेखालचं छोटंसं बटण दाबून धरलं आणि तिला चावीकडे नजरेने खूण केली. उघड्या दारातून वाकून तिने चावी फिरवली. दिवा लागला, लुकलुकला आणि गेला.

अरुणाला हसू फुटलं. आजारपण घरात शिरल्यापासून मनासारखं झालेलं हे पहिलंच काम. तिने पदराने नवऱ्याच्या ओठांची कड पुसली. आता त्यांना वर नेऊन ठेवायचं, मग गिऱ्हाईक येईल, असा तिचा हिशेब होता. पण मानसिंगना मुहूर्त साधायचा होता. ते वेळेआधीच हजर झाले, कमरेला पेजर, मागे बायको मीना, तिच्या हातात पूजेचं ताट.

मीनाने बॉनेटवर झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, गाडी ओवाळली. गाडीत बसलेल्या माणसाला वगळून कसं चालेल? तिने जयप्रकाशच्या कपाळालाही कुंकू लावलं. अरुणाला ते बघवेना. मानसिंगनी खिडकीतून डोकं घालून चावी फिरवली, सगळं न्याहाळलं आणि खूश होऊन खिशातलं इसाराचं पाकीट काढलं.

"झ्याक हाय गाडी, वैनी. दिवा बी न्हाई कुठला."

जयप्रकाशच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. चेहरा लालबुंद झाला.

"ऑइल," ते म्हणाले. "ऑइल बदललं नाही."

शब्द जड होते, पण स्पष्ट होते. गेटवरचा सितारामसुद्धा वळून बघायला लागला. ज्या आवाजासाठी अरुणा देव पाण्यात घालून बसली होती तो आवाज आला, आणि आला तो हे सांगायला. नवऱ्याला मिठी मारावी की त्यांच्या तोंडावर हात ठेवावा, तिला कळेना.

मानसिंगनी पाकीट परत खिशात ठेवलं. माणूस वाईट नव्हता, आवाजसुद्धा चढवला नाही. दिवा कधीपासून पेटतोय, ते त्यांनी विचारलं आणि अरुणाने खरं ते सांगून टाकलं.

"दिवा इझवून गाडी इकताय, वैनी. ह्ये एक कळलं. न कळल्यालं आजून किती आसंल?"

मीनाने बॉनेटवरचा हार उतरवला. न फोडलेला नारळ पिशवीत गेला. दोघं निघून गेली.

अरुणाला राग आला नाही. गाडी गेली खड्ड्यात, बोलायला शिकवणाऱ्या त्या बाईही राहू देत. हे तर आपले आपणच बोलले होते. ती गाडीच्या दाराशी गुडघ्यांवर बसली.

"बोललात तुम्ही. आता मला हाक मारा. अरुणा म्हणा."

"ऑइल बदललं नाही."

"ते कळलं हो मला. ते झालं आता. अ-रु-णा."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. तिला काय हवंय ते त्यांना नेमकं कळलं होतं. डावा हात तिच्या गालावर ठेवून, पूर्वी स्वयंपाकघरात येऊन हाक मारायचे तशा मऊ आवाजात ते म्हणाले,

"ऑइल बदललं नाही."