कुपीवरची चिठ्ठी

"कानामागे?"

"नाही."

"मानेवर?"

"अंहं. बाबा, हलू नको ना."

गोचीडमास्तर स्टुलावर उघड्या अंगाने बसला होता. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, समोरच्या दुसऱ्या स्टुलावर लांब केलेला. त्याची आठ वर्षांची लेक भिंग डोळ्याला लावून त्याच्याभोवती फिरत होती.

नाव वस्तीतल्या पोरांनी ठेवलेलं, पण कामाला शोभणारं. बारा वर्षं तो रानातून पांढरं फडकं ओढत हिंडत होता. फडक्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने उचलायच्या, कुपीत टाकायच्या, वर चिठ्ठी चिकटवायची आणि कुपी प्रयोगशाळेत पाठवायची. कोणत्या रानातल्या गोचिडीत तापाचे जंतू आहेत, ते तिथे कळे. गेल्या महिन्यात घरामागच्याच रानाचं कळलं. तिथे तार त्यानेच ओढली, पाटीही त्यानेच रंगवून ठोकली. त्या रानातून आलेला एक लाकूडतोड्या अजून शुद्धीवर आला नव्हता.

कामावरून आला की तो बाहेरच्या बाहेर कपडे उतरवी, उकळत्या पाण्यात बुडवी, आणि मगच उंबरठा ओलांडी. मग ही तपासणी. बारा वर्षांत घरात एक गोचीड त्याने येऊ दिली नव्हती. आता पाय मोडून बारा दिवस झाले होते. तो अंगणातसुद्धा उतरला नव्हता, तरी लेकीने तपासणी सोडली नाही. "इन्स्पेक्टरला सुट्टी नसते," असं तिचं म्हणणं.

"हात वर. काखेत..." ती थांबली. "सापडली."

"ती चामखीळ आहे, इन्स्पेक्टरबाई. तुझ्याहून जुनी."

"चामखिळीला पाय असतात? हिला आठ आहेत. मोजले मी."

दाढीचा आरसा काखेखाली धरून त्याने पाहिलं. खसखशीच्या दाण्याएवढी होती. तोंड कातडीत रुतलेलं.

"चिमटा दे. आणि कसं काढायचं ते सांग."

लेकीने हात मागे बांधले आणि शाळेत म्हणतात तसं म्हटलं, "तेल लावायचं नाही. पिळायचं नाही. कातडीलगत धरायचं, सरळ ओढायचं, घाई करायची नाही." त्यानेच तिच्या वर्गात येऊन शिकवलं होतं.

गोचीड अख्खी निघाली. कुपीतल्या स्पिरिटमध्ये तिने दोनदा पाय हलवले.

लेक चिठ्ठी घेऊन जमिनीवर बसली. "तारीख लिहिली. कोणाच्या अंगावर? बाबांच्या. ठिकाण काय लिहू?"

त्याने दाराकडे पाहिलं. उंबरठ्यावर त्याचे वडील करडू मांडीवर घेऊन बसले होते. दोन्ही शेळ्या अंगणात रवंथ करत होत्या. बाबांना दिवसभर सोबत हवी म्हणून लेक हेच करडू सकाळी त्याच्या कुशीत आणून ठेवायची.

"अण्णा, शेळ्यांना पाला कुठून आणता हल्ली?"

"मिळतो कुठूनतरी."

"लांबच्या कुरणातून मी सायकलवर आणत होतो. तुम्हांला तिथवर चालवत नाही."

"नाही चालवत."

"मग?"

"मग काय? तू बसलास पाय लांब करून. शेळ्यांची पोटं पण प्लास्टरमध्ये घालू?"

"पाटी वाचली नाहीत?"

"वाचली. अक्षर चांगलं आहे तुझं. पण शेळ्यांना वाचता येत नाही."

त्याने उठायचा प्रयत्न केला. प्लास्टर स्टुलावरून इंचभर सरकलं आणि मांडीपासून कळ आली. तो पुन्हा खाली बसला.

"एकटेच जात होतात ना?"

करडाच्या पाठीवरून फिरणारा म्हाताऱ्याचा हात थांबला.

"मी फक्त तार वर धरायचे," लेक चिठ्ठीवरून मान न उचलता म्हणाली. "आजोबांना वाकता येत नाही ना. आणि पाला पुढचा पुढचाच घेतला, आत नाही गेलो."

"किती वेळा?"

"शाळा सुटली की. रोज." मग तिने आजोबांकडे पाहिलं. "सांगायचं नव्हतं का अजून?"

रोज. आणि रोज संध्याकाळी ती त्याचे कान पाहायची, मान पाहायची, आणि तो हात वर करून पोरखेळ म्हणून हसत बसायचा. तिचे कान पाहायचं त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. ती थोडीच रानात जात होती?

"बाबा, ठिकाण?"

"घर."

"नुसतं घर?"

"नुसतं घर. लिही आणि इकडे ये. वेण्या सोड."

तिने अक्षर घोटून लिहिलं, चिठ्ठी कुपीला चिकटवली आणि टाळी वाजवली. "म्हणजे आता माझी पाळी?" ती त्याच्या चांगल्या पायाला टेकून, पाठ करून बसली. रिबिनी सोडून तिने केस पुढे घेतले. पाला उचलताना खरचटलेल्या बारीक रेघा तिच्या मानेवर होत्या.

म्हातारा करडू खाली ठेवून उठला, भिंतीवरची टॉर्च काढली आणि जवळ येऊन उजेड धरला. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

"आता तू विचारायचं नाहीस, मी विचारणार," लेक म्हणाली. "कानामागे?"

मास्तरने तिचा कान हलकेच पुढे वळवला आणि भिंग जवळ नेलं. भिंग त्याच्या हातात एका जागी ठरेना.

"बाबा," ती म्हणाली, "हलू नको ना."