ओढ्याच्या अलीकडचं गाव

परदेशी संस्थेने ओढ्यापलीकडच्या गावात घरटी एक दुभती गाय वाटली. ओढ्याच्या अलीकडे, अपोंडीमावशीच्या गावात, काहीच नाही, फक्त दरवर्षी किसुमू शहरातून त्याच संस्थेचा पाहणीवाला ओगोला यायचा आणि विचारायचा, "पोरं किती वेळा उपाशी झोपली?" मावशी त्याला कोरा चहा पाजायची आणि लाज गिळून खरं ते सांगायची. आज ना उद्या आपल्याही दारात गाय येईल, ही आशा.

यंदा तो हसतच आला. "मावशी, सिद्ध झालं! गाय दिली की घर वर येतं. साहेब तुमच्या गावावर भलतेच खूश आहेत."

"मग आता आमची पाळी ना रे?"

 

कोऱ्या चहाचा घोट घेत ओगोला म्हणाला, "असं कसं, मावशी? तुम्हालाही गाय दिली, तर पलीकडचे किती वर आले, हे पुढच्या वर्षी कुणाकडे बघून सांगायचं?"